एक मायनस राहिलं आणि दीपगृह कापलं गेलं: माइनक्राफ्टच्या कमांड्सवर तुमचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रं माइनक्राफ्टच्या कमांड्सवरच आहेत, म्हणून मग अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलं. माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांचं (ब्लॉकचं) जग बांधायचा गेम, आणि कमांड म्हणजे गेमच्या चॅटमध्ये स्लॅशने सुरू करून टाइप केलेला हुकूम. आधी एक सांगते, गेममध्ये कमांड इंग्रजीतच टाइप करायची असते, सगळी स्मॉल लेटर्स आणि आकडेही इंग्रजी, इथे मी उच्चाराप्रमाणे लिहितेय म्हणजे वाचायला सोपं पडेल. आणि फक्त कॉम्प्युटरवर चालणारी जावा एडिशन आणि मोबाइल-कन्सोलवर सुद्धा चालणारी बेडरॉक एडिशन यांचं कमांडच्या बाबतीत सगळीकडे जुळत नाही, जिथे जुळत नाही तिथे तसं लिहिलंय.

प्रश्न: ताई, मी क्रिएटिव्हमध्ये (जिथे ब्लॉक हवे तितके मिळतात) मोठा किल्ला बांधतोय, त्यासाठी टेकडी सपाट करायचीय. /फिल १०० ६४ १०० १५० ७८ १५० एअर असं मारतो तर दर वेळी लाल अक्षरांत "टू मेनी ब्लॉक्स" येतं. ५० बाय ५० चीच तर जागा आहे, एवढी पण चालत नाही का?

उत्तर: अरे तुझी जागा ५० बाय ५० नाहीचे, ५१ बाय ५१ आहे! फिल म्हणजे दोन कोपऱ्यांमधली सगळी जागा एका ब्लॉकने भरणं, एअर लिहिलं की हवेने, पहिले तीन आकडे एका कोपऱ्याचे आणि पुढचे तीन समोरच्या. त्यात दोन्ही टोकांचे ब्लॉक धरले जातात, १०० नंबरचा पण आणि १५० नंबरचा पण, म्हणून १५० मधून १०० वजा केले की जे उत्तर येतं त्यात नेहमी एक मिळवायचा. उंचीचंही तेच, ६४ ते ७८ म्हणजे १४ नाही १५ थर. आता गुणाकार कर, ५१ गुणिले ५१ गुणिले १५, झाले ३९०१५ ब्लॉक, आणि एका फिलमध्ये जास्तीत जास्त ३२७६८ ब्लॉक चालतात, म्हणजे ३२ लांब, ३२ रुंद, ३२ उंच असा ठोकळा. तू नीट ५० बाय ५० घेतलं असतंस तरी ३७५०० झाले असते, म्हणजे तेही बसलं नसतं.

मग काय करायचं, तर काम दोन तुकड्यांत करायचं. आधी वरचे दोन थर, /फिल १०० ७७ १०० १४९ ७८ १४९ एअर, हे फक्त ५००० ब्लॉक आहेत. मग उरलेले १३ थर, /फिल १०० ६४ १०० १४९ ७६ १४९ एअर, हे ३२५०० होतात आणि अगदी काठावर बसतात. वरून खाली का, तर टेकडीत वाळू किंवा ग्रॅव्हल असेल आणि तू आधी खालचे थर काढलेस तर वरची वाळू धपकन खाली येते आणि साफ केलेल्या जागेत ढीग लागतात, मग ते परत काढत बसायचं. वरून खाली आलं की हा त्रास बराच वाचतो.

आता कोपरे कसे मोजायचे ते पण सांगते, कारण खरी गडबड तिथेच होते. जावामध्ये एफ३ दाबल्यावर डाव्या बाजूला जे ब्लॉकचे आकडे दिसतात ते तुझे पाय ज्या ब्लॉकमध्ये आहेत त्याचे असतात, पायाखालची जमीन त्याच्या एक खाली. तू ६४ वाचतोस आणि जमीन असते ६३ वर. म्हणून मी पायाचे आकडे घेतच नाही, कोपऱ्यावर लाल लोकरीचा ब्लॉक ठेवते, त्याच्याकडे बघते आणि उजव्या बाजूला टार्गेटेड ब्लॉक म्हणून जे तीन आकडे येतात ते वहीत लिहून घेते, मग समोरच्या कोपऱ्यावर जाऊन परत तेच. बेडरॉकमध्ये वर्ल्डच्या सेटिंगमध्ये शो को-ऑर्डिनेट्स चालू करायचं, ते आकडे तुझ्या जागेचे असतात, त्यामुळे लोकरीवर उभं राहून वाचायचं आणि मधला आकडा एकने कमी करायचा. मधला आकडा म्हणजे उंची, हे डोक्यात पक्कं बसवून घे, पहिला पूर्व-पश्चिम, मधला वर-खाली, शेवटचा उत्तर-दक्षिण.

जावाच्या १.१९.४ पासून एक गेमरूल (वर्ल्डचा नियम बदलायचं सेटिंग) आलाय ज्याने ३२७६८ ची मर्यादा वाढवता येते, पण मोठ्ठा आकडा टाकून एकदम मारलं तर गेम हँग होऊन बसतो, त्यापेक्षा दोन-तीन तुकडे बरे. आणि कधी "पोझिशन इज नॉट लोडेड" आलं तर समज की तू त्या जागेपासून फार लांब उभा आहेस, मधोमध जाऊन उभा राहा आणि परत मार.

प्रश्न: घराला बाहेरून दगडाचा वेढा द्यायचा होता म्हणून फिलच्या शेवटी हॉलो लावलं. भिंती झाल्या, छत झालं, पण आतलं फर्निचर, चेस्ट, चेस्टमधलं सामान सगळं गायब! दोन आठवड्यांचं काम होतं. परत आणता येतं का?

उत्तर: फार वाईट वाटलं वाचून. नाही हो, आणता येत नाही. माइनक्राफ्टच्या स्वतःच्या कमांड्समध्ये अन्डू नाहीये, आणि सेव्ह अँड क्विट करून परत आलात तरी उपयोग नाही कारण बाहेर पडताना गेम तीच मोडलेली अवस्था सेव्ह करतो.

झालं काय, तर हॉलो म्हणजे बाहेरचं कवच तुम्ही सांगितलेल्या ब्लॉकचं आणि आत सगळी हवा. हवा म्हणजे खरोखर हवा, आत जे असेल ते पुसून टाकून, चेस्टमधलं सामान खाली जमिनीवर पण पडत नाही. तुम्हाला हवं होतं ते आउटलाइन, त्याने कवच तसंच होतं पण आतल्या गोष्टींना हात लागत नाही. दोन शब्द इतके जवळचे आहेत आणि परिणाम इतका वेगळा आहे की हे मला प्रत्येक बांधणाऱ्याला सांगावंसं वाटतं.

माझंही एक काम असंच गेलंय. समुद्राकाठी दीपगृह बांधलं होतं आणि त्याच्या मागच्या बाजूला खडकाचे तीन थर काढायचे होते, ९ रुंद, आणि शेवटच्या आकड्यात -६० पासून -४८ पर्यंत. दुसऱ्या आकड्यापुढचं मायनस टाइप करायचं राहिलं. १३ ब्लॉक लांब खाच पडायच्या जागी १०९ ब्लॉक लांब पडली, -६० पासून थेट ४८ पर्यंत, आणि मधे उभं होतं ते दीपगृह बुंध्यापाशी सपकन कापलं गेलं. वरचा अख्खा मनोरा तसाच हवेत तरंगत राहिला, दिवा चालू, आणि खाली तीन ब्लॉकची पोकळी ज्यातून पलीकडचा समुद्र दिसत होता. तो तळमजला मी आठवून आठवून परत बांधला पण जिन्याचं वळण पहिल्यासारखं जमलंच नाही.

तेव्हापासून मोठी कमांड मारायच्या आधी मी दोन गोष्टी करतेच. एक, बॅकअप. जावामध्ये वर्ल्ड निवडून एडिटमध्ये गेलात की मेक बॅकअप असतं, बेडरॉकमध्ये वर्ल्डची कॉपी करता येते, दोन्हीला फार वेळ लागत नाही. दोन, घराची एक प्रत आकाशात ठेवून द्यायची. समजा घर ३० ६४ ४० पासून ४९ ७५ ५९ पर्यंत आहे, तर /क्लोन ३० ६४ ४० ४९ ७५ ५९ ३० १७० ४०, की तेच घर बरोबर वर, १७० च्या उंचीवर तयार. शेवटचे तीन आकडे म्हणजे नवीन प्रतीचा सगळ्यात लहान आकड्यांचा कोपरा, मधला ब्लॉक नाही, इथे पुष्कळ जण चुकतात. खाली काही बिघडलं तर उलटं करायचं, /क्लोन ३० १७० ४० ४९ १८१ ५९ ३० ६४ ४०, आणि घर जागेवर, चेस्टमधल्या सामानासकट. भिंतीवरची चित्रं आणि जावामध्ये आयटम फ्रेम मात्र क्लोनमध्ये येत नाहीत कारण गेमच्या लेखी त्या ब्लॉक नसून एंटिटी, म्हणजे प्राणी-खेळाडूंसारख्या सुट्या गोष्टी, आहेत, त्या हाताने परत लावायच्या. जावामध्ये क्लोनलाही ३२७६८ चीच मर्यादा आहे, आणि १.१८ पासून वरची हद्द ३१९ आहे हे लक्षात ठेवून जागा निवडा.

जावावर वर्ल्डएडिट नावाचा मॉड (गेमला बाहेरून जोडायचा भाग) टाकलात तर त्यात खराखुरा अन्डू आहे. पण तो फक्त वर्ल्डएडिटनेच केलेली कामं मागे घेतो, साध्या /फिलने केलेलं नाही.

प्रश्न: माझी मुलगी दहा वर्षांची आहे. गेममध्ये "चीट्स" चालू करू का असं तिने विचारलं. हा शब्दच मला खटकला. ही फसवणूक आहे का? परवानगी द्यावी का?

उत्तर: शब्द खटकणं साहजिक आहे, पण चीट्स चालू करणं म्हणजे त्या वर्ल्डमध्ये कमांड्स वापरायची मुभा देणं, आणि माझ्या मते खुशाल द्या. तिच्या स्वतःच्या वर्ल्डमध्ये ती कोणाशी स्पर्धा करत नाहीये, तिथे कमांड हे अवजार आहे, जसं कोणी हाताने माती उपसेल आणि कोणी फावडं घेईल. उलट मला यात शिकण्यासारखं खूप दिसतं, तीन आकड्यांनी जागा सांगणं, ऋण संख्या, गुणाकार, शब्दाचं स्पेलिंग एक अक्षर चुकलं तरी कमांड चालत नाही म्हणून नीट वाचणं, हे सगळं मुलं आपणहून करतात.

फक्त एक गोष्ट तिच्याशी आधी बोलून घ्या. बेडरॉकमध्ये एखाद्या वर्ल्डमध्ये चीट्स चालू केले की त्या वर्ल्डमधल्या अचिव्हमेंट्स कायमच्या बंद होतात, नंतर चीट्स बंद केले तरी परत सुरू होत नाहीत. गेम आधी तशी सूचना दाखवतो पण मुलं ती न वाचताच पुढे जातात आणि मग रडारड होते. म्हणून अचिव्हमेंट्ससाठीचं वर्ल्ड वेगळं आणि बांधकामाचं वेगळं ठेवायला सांगा. जावामध्ये असं बंधन नाही, तिथे ॲडव्हान्समेंट्स (अचिव्हमेंट्सचाच जावातला प्रकार) मिळतच राहतात. आणि चीट्स बंद ठेवून सुरू केलेलं वर्ल्ड असेल तर जावामध्ये ओपन टू लॅन करताना कमांड्स चालू करता येतात, ते वर्ल्ड बंद करेपर्यंतच टिकतं.

दुसऱ्यांच्या सर्व्हरवर गोष्ट वेगळी. तिथे कमांडचा अधिकार ज्याचा सर्व्हर त्याने द्यायचा असतो, आणि तो न मिळता दुसऱ्याचं बांधकाम हलवणं ही मात्र खरंच फसवणूक आहे.

प्रश्न: गेम लॅग होत होता म्हणून एका मित्राने सांगितलं /किल @ई मार. मारलं तर गावातले सगळे व्हिलेजर मेले, माझं पाळलेलं मांजर मेलं, आणि मी पण मेलो. असं का?

उत्तर: कारण @ई म्हणजे लोड झालेल्या भागातली प्रत्येक एंटिटी, आणि त्यात खेळाडू सुद्धा येतो. व्हिलेजर, गाई, मांजर, बोट, माइनकार्ट, आर्मर स्टँड, जावामध्ये भिंतीवरच्या फ्रेम्स, जमिनीवर पडलेलं सामान, सगळं. मित्राला बहुतेक जमिनीवर पडलेलं सामान म्हणायचं असेल, त्यासाठी /किल @ई[टाइप=आयटम] असं लिहायचं, तेवढंच जातं बाकी सगळे सुखरूप.

हे @ वाले शब्द नीट समजून घे. @एस म्हणजे तू स्वतः, @पी सगळ्यात जवळचा खेळाडू, @ए सगळे खेळाडू, @आर त्यातला कोणी तरी एक, @ई सगळं काही. चौकोनी कंसात अट घालायची, म्हणजे झोंबीच मारायचे असतील तर टाइप=झोंबी. आजूबाजूचेच हवे असतील तर जावामध्ये डिस्टन्स=..२०, बेडरॉकमध्ये त्याच कामाला आर=२०.

आणि किल मारायच्या आधी मोजून बघायची सवय लाव. जावामध्ये /एक्झिक्युट इफ एंटिटी @ई[टाइप=काऊ,डिस्टन्स=..२०] असं मारलं की गेम कोणाला धक्का न लावता फक्त आकडा सांगतो, टेस्ट पास्ड, काउंट अमुक. चार गाई अपेक्षित असताना आकडा ६० आला तर थांबायचं आणि कंसातली अट परत वाचायची. बेडरॉकमध्ये हेच काम /टेस्टफॉर करतं. मांजरासाठी खरंच वाईट वाटलं रे. पुढच्या मांजराला नेमटॅग लावलास तर अटीत नाव घालून त्याला वगळता पण येतं, नेम=! आणि पुढे त्याचं नाव.

प्रश्न: जुन्या व्हिडिओत बघून /गेममोड १ टाकलं, चालत नाही. गेम बिघडलाय का?

उत्तर: नाही, व्हिडिओ जुना आहे. २०१८ ला जावाची १.१३ आली तेव्हा कमांड्स बऱ्याच बदलल्या, आकडे गेले आणि पूर्ण शब्द आले, आता /गेममोड क्रिएटिव्ह लिहायचं. ब्लॉकच्या नावांचंही तसंच, पूर्वी लोकर लिहून पुढे रंगाचा आकडा द्यायचे, आता रेड_वूल असं सरळ नाव. /लोकेट पण १.१९ नंतर /लोकेट स्ट्रक्चर किंवा /लोकेट बायोम असं झालंय. नुसती स्लॅश टाकून टॅब दाबत गेलात तर गेमच पुढचा शब्द सुचवतो, आणि चूक झाली तर जिथे अडलं तिथे बाणाने "हिअर" असं दाखवतो, त्या बाणाच्या लगेच आधीचा शब्द तपासायचा. वरचा बाण दाबला की मागची कमांड परत येते, अख्खी नव्याने टाइप करू नका.

प्रश्न: ताई, माझं एक घर जमिनीवर आणि एक ढगात आहे. बटण दाबलं की वर जायचं असं करता येईल का?

उत्तर: येईल की, आणि हे पहिल्यांदा जमतं तेव्हा इतका आनंद होतो! यासाठी कमांड ब्लॉक, म्हणजे आत लिहिलेली कमांड स्वतः मारणारा ब्लॉक, लागतो, तो क्रिएटिव्हच्या नेहमीच्या यादीत सहसा दिसत नाही, /गिव्ह @एस कमांड_ब्लॉक असं मागवायचा. क्रिएटिव्हमध्ये राहून तो जमिनीत पुरा, वर एक साधा ब्लॉक, त्यावर बटण, म्हणजे दिसायलाही नीट. झाकण्याआधी कमांड ब्लॉकवर राइट क्लिक केलं की खिडकी उघडते, त्यात टीपी @पी २०० १९१ -३४० असं लिहायचं (टीपी म्हणजे टेलिपोर्ट, दिलेल्या जागी नेणं), इथे सुरुवातीची स्लॅश नसली तरी चालते. @पी इथे कमांड ब्लॉकच्या सगळ्यात जवळचा खेळाडू, म्हणजे बटण दाबणाराच. ढगातल्या घराची फरशी १९० वर असेल तर १९१ लिहा, नाही तर पाय फरशीत अडकतात. ~ हे चिन्ह वापरलंत तर ते कमांड ब्लॉकच्या जागेपासून मोजलं जातं, तुमच्यापासून नाही.

ब्लॉकचे तीन प्रकार असतात, केशरी इम्पल्स एकदाच चालतो, हिरवा चेन आधीच्या ब्लॉकच्या मागोमाग चालतो, जांभळा रिपीट सारखा चालत राहतो. तुम्हाला केशरीच हवा. जांभळा वापरायची वेळ आली तर ऑलवेज ॲक्टिव्ह करू नका, नीड्स रेडस्टोनवर ठेवून शेजारी लिव्हर लावा, कारण तो सेकंदाला २० वेळा चालतो आणि त्यात प्राणी आणायची समन कमांड असेल तर मिनिटात १२०० प्राणी उभे राहतात, तेव्हा लिव्हर खाली ओढता आली पाहिजे.

प्रश्न: बांधताना सारखी रात्र होते.

उत्तर: /टाइम सेट डे. गेमचा अख्खा दिवस २० मिनिटांचाच असतो म्हणून सारखी होते. वेळ गोठवायचीच असेल तर दिवस-रात्रीच्या चक्राचा गेमरूल फॉल्स करा, नाव व्हर्जनप्रमाणे थोडं बदलतं, /गेमरूल लिहून टॅब दाबलात की यादी दिसेल.

प्रश्न: तळ्याखाली काचेची खोली केलीय पण आत पाणी भरलंय, बादलीने उपसून उपसून कंटाळले.

उत्तर: बादली ठेवून द्या. आधी काच सगळीकडून बंद झालीये ना ते बघा, एक ब्लॉक जरी उघडा राहिला तरी पाणी परत येणार. मग खोलीचे दोन कोपरे आतल्या बाजूने मोजा, काचेचा ब्लॉक धरू नका, आणि ते आकडे देऊन शेवटी एअर रिप्लेस वॉटर लिहा, म्हणजे फक्त पाणी जाईल, आत ठेवलेली टेबलं-खुर्च्या राहतील. खोली मोठी असेल आणि आकडे मोजायचा कंटाळा असेल तर मधोमध उभं राहून /फिल ~-१५ ~-१५ ~-१५ ~१५ ~१५ ~१५ एअर रिप्लेस वॉटर, हे ३१ चा घन म्हणजे २९७९१ ब्लॉक, मर्यादेत बसतं, पण यात भिंतीबाहेरच्या तळ्यातलं पाणी पण जाईल आणि मग बाजूने परत वाहत येऊन तळ्याचा पृष्ठभाग खडबडीत दिसेल. तुमची खोली तळ्यातच आहे, तर तुम्ही कोपरे मोजूनच करा. जिने किंवा अर्धे स्लॅब आत असतील तर जावामध्ये त्यांच्यात मुरलेलं पाणी या कमांडने जात नाही, तेवढे काढून परत बसवावे लागतील, आणि काढल्यावर त्या जागी उरलेलं पाणी वाहू लागतं म्हणून शेवटी तीच कमांड अजून एकदा मारा.